दारावरच्या व्हिडिओ इंटरकॉमची बेल बाहेर असताना मोबाइलवर वाजत नाही, मी लावलेला कॉल अर्ध्या मिनिटात तुटतो : सिप सेटिंगबद्दल मदत हवी

पडवी :

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे या एका गोष्टीच्या मागे लागले आहे. जाणकारांना विचारल्याशिवाय सुटणार नाही असं दिसतंय, म्हणून हा धागा.

घरात बाबा दिवसभर एकटे असतात. वॉकर घेऊन चालतात. पलंगापासून दारापर्यंत यायला त्यांना चार-पाच मिनिटं लागतात. तोवर बाहेरचा माणूस निघून जातो, नाहीतर बाबा घाईत उठतात आणि तोल जातो. एकदा पडलेही. म्हणून नेटवर्कवर चालणारा व्हिडिओ इंटरकॉम बसवला. बेल दाबली की पलंगाशेजारचा स्क्रीन आणि माझा मोबाइल एकदम वाजावा, कोण आलंय ते दिसावं, बोलता यावं आणि मला ऑफिसातून कुलूप उघडता यावं, एवढंच हवंय.

मांडणी अशी आहे. इंटरकॉमला वीज आणि डेटा एकाच लॅन केबलमधून जातात. घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टेरिस्क हे कॉल जोडणारं सर्व्हर सॉफ्टवेअर टाकलंय, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२०. इंटरकॉमचं एक्स्टेंशन १०१, पलंगाजवळचा स्क्रीन २०१, माझ्या मोबाइलमधलं सिप (नेटवर्कवरून कॉल जोडायची पद्धत) ॲप २०२. राउटरवर ५०६० आणि १०००० ते २०००० हे यूडीपी पोर्ट, म्हणजे डेटा येण्याजाण्याचे क्रमांकित दरवाजे, त्या कॉम्प्युटरकडे वळवलेत.

घरच्या वायफायवर सगळं सुरळीत. मोबाइल डेटावर गेले की बेल वाजतच नाही. मग मीच मोबाइलवरून १०१ लावते. कॉल जोडला जातो, पण ना चित्र ना आवाज, आणि अर्ध्या मिनिटात संपतो. शिवाय घरात असतानाही मोबाइलवरून कुलूप उघडत नाही, स्क्रीनवरून मात्र उघडतं. लॉगमध्ये प्रत्येक वेळी ४०१ दिसतो, म्हणून पासवर्ड तीनदा बदलून झाला. कुठे चुकतंय?

तांब्याची_तार :

४०१ बघून घाबरू नका, पासवर्डलाही आता हात लावू नका. सिपमध्ये पहिली विनंती पासवर्डाशिवाय जाते, सर्व्हर ४०१ देऊन "ओळख पटव" म्हणतो, मग तीच विनंती ओळखीसकट पुन्हा जाते आणि २००, म्हणजे 'ठीक', येतो. म्हणजे ४०१ नंतर २०० असेल तर सगळं ठीक. ४०१ मागून ४०१ येत राहिले किंवा ४०३, म्हणजे नकार, आला तरच पासवर्डाकडे बघायचं. आणि तेव्हाही आधी बघायचं ते 'युजरनेम' आणि 'ऑथ आयडी' हे दोन वेगळे रकाने. बऱ्याच इंटरकॉममध्ये दुसरा रिकामा राहतो.

आता दोन गोष्टी करून सांगा. "अर्धा मिनिट" म्हणजे नक्की किती ते घड्याळ लावून मोजा, चार-पाच वेळा. आणि कॉल संपतो म्हणजे कुठे संपतो? मोबाइलवर की दारावर? घरातल्या कुणाला तरी त्या वेळी इंटरकॉमकडे बघायला सांगा.

चौकट :

एवढ्या भानगडीत पडू नका. इंटरकॉम सरळ डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरच्या संरक्षणाबाहेर, टाका, सगळे पोर्ट उघडतील आणि काम होईल. माझं झालं होतं.

रात्रपाळी :

चौकट, कृपया हा सल्ला कुणाला देऊ नका. मी हे भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या इंटरकॉमचा ५०६० मी असाच बाहेर उघडा ठेवला होता. चौथ्या रात्री अडीच वाजता दारावरचा स्पीकर वाजायला लागला. बाहेर कुणी नाही. कॉल यादीत क्रमांक १००, मग १००१, मग ९००. इंटरनेटवर सतत फिरणारे स्कॅनर असतात, कुठे सिपचा पोर्ट उघडा दिसला की ते आंधळे कॉल टाकतात. खरी भीती पुढे आहे. बरेच इंटरकॉम आलेला कॉल आपोआप उचलतात, कारण घरातून दाराकडे बघता यावं म्हणून ती सोय मुद्दाम दिलेली असते. आणि चालू कॉलमध्ये ठरलेला आकडा दाबला की रिले, म्हणजे कुलूप उघडणारा विजेचा स्विच, चालते. म्हणजे अनोळखी माणसाने लावलेला कॉल आपोआप उचलला गेला आणि कुलपाचा कोड कारखान्यातून आलेलाच असला, तर त्याने हजारो मैलांवरून तुमचं दार उघडलं. माझा कोड नुसता # होता. त्या रात्री दारामागे खुर्ची लावून बसलो होतो.

म्हणून पडवी, आजच करा : इंटरकॉममध्ये 'थेट आयपी कॉल' बंद, फक्त सर्व्हरकडून आलेलेच कॉल घ्यायचे, कुलपाचा कोड बदलायचा आणि वेब पानाचा ॲडमिन पासवर्डही.

पडवी :

रात्रपाळी, वाचून अंगावर काटा आला. सगळ्या गोष्टी आत्ताच केल्या. कोड माझाही # च होता.

तांब्याची_तार, पाच वेळा मोजलं. पाचही वेळा ३२ सेकंद. आणि एक गंमतीची नाही, पण विचित्र गोष्ट दिसली. बाबांना व्हिडिओ कॉलवर ठेवून स्क्रीनवर बघायला सांगितलं. ३२ सेकंदांनी इंटरकॉमचा निळा दिवा विझतो, पण माझ्या मोबाइलवर कॉलची वेळ पुढे चालूच राहते. ४०, ५०, एक मिनिट. मी लाल बटण दाबेपर्यंत.

तांब्याची_तार :

वा, याच दोन गोष्टी हव्या होत्या. आता रोग कळला.

सिपचं मूळ प्रमाण, २००२ सालचा आरएफसी ३२६१, त्यात एक घटिका ठरलेली आहे : अर्धा सेकंद. तिच्या ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. कॉल उचलला की उचलणारी बाजू '२०० ओके' पाठवते आणि समोरून 'ॲक'ची, म्हणजे पोचपावतीची वाट बघते. ती आली नाही तर तोच २०० पुन्हा पाठवते, आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग चार-चार सेकंदांनी. ३२ सेकंद झाले तरी पोचपावती नाही, तर कॉल सोडून देते. त्यामुळे बरोबर ३२ ला तुटणारा कॉल दिसला की पोचपावती हरवली असं समजायचं. २५ किंवा ४० ला तुटला असता तर मी दुसरीकडे शोधलं असतं.

पोचपावती का हरवते? उत्तर ज्या वाटेने विनंती आली त्याच वाटेने परत जातं, म्हणून तुमच्या सर्व्हरचा २०० मोबाइलपर्यंत पोहोचतो. पण पोचपावती ही नव्याने निघणारी विनंती. ती २०० मधल्या 'कॉन्टॅक्ट' ओळीत लिहिलेल्या पत्त्यावर जाते. त्या ओळीत तुमचा सर्व्हर स्वतःचा घरातला पत्ता लिहीत असणार. मोबाइल डेटावर १९२.१६८.१.२० या पत्त्याला काहीही अर्थ नाही. पत्र पेटीत पडतं, पण घर सापडत नाही. उलट दिशेलाही तेच. सर्व्हर कॉल संपवताना 'बाय' पाठवतो तो तुमच्या मोबाइलने दिलेल्या आतल्या पत्त्यावर, म्हणून मोबाइलला कॉल संपल्याचं कळतच नाही आणि घड्याळ चालत राहतं. आवाज-चित्र नाही त्याचंही मूळ हेच, फक्त ते पत्ते एसडीपीच्या, म्हणजे आवाज-चित्र कुठे पाठवायचं ते सांगणाऱ्या भागाच्या, 'सी' ओळीत असतात. आणि बेल वाजत नाही, कारण नोंदणीत मोबाइलने दिलेला आतला पत्ताच सर्व्हरने जपून ठेवलाय आणि तो तिथे हाक मारतोय.

खात्री करायची तर वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पाकिटं, म्हणजे पॅकेट, उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) एक कॉल पकडा आणि या ओळी इथे टाका.

पडवी :

सर्व्हरवर पकडला. २०० ओके लागोपाठ अकरा वेळा, मध्ये मोबाइलकडून एकही ॲक नाही. ओळी देवनागरीत उतरवून देते :

कॉन्टॅक्ट: सिप:१९२.१६८.१.२०:५०६०
सी=आयएन आयपी४ १९२.१६८.१.२०

आणि २०२ ची नोंदणी बघितली, तर तिथे १०.७४ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय. तुम्ही म्हणालात तसंच. तीन आठवडे मी पासवर्ड आणि पोर्ट यांच्यातच फिरत होते, पाकिटात काय लिहिलंय ते उघडून बघावं हे सुचलंच नाही.

तांब्याची_तार :

आता तीन ठिकाणी काम आहे, दोन सर्व्हरवर आणि एक राउटरवर.

ट्रान्सपोर्टच्या भागात 'एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस' आणि 'एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस' इथे घराचा बाहेरचा पत्ता लिहा, आणि 'लोकल नेट' मध्ये १९२.१६८.१.०/२४. याने सर्व्हरला कळतं की घरातल्याशी बोलताना आतला पत्ता द्यायचा आणि बाहेरच्याशी बोलताना बाहेरचा. ट्रान्सपोर्टचा बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही, ॲस्टेरिस्क पूर्ण बंद करून चालू करा. इथे खूप लोक फसतात, बदल बरोबर असतो आणि तो लागलेलाच नसतो.

मग २०२ च्या एंडपॉइंटवर, म्हणजे सर्व्हरमधल्या त्याच्या नोंदीत, 'रीराइट कॉन्टॅक्ट' चालू. म्हणजे मोबाइलने काहीही पत्ता सांगो, पाकीट प्रत्यक्ष जिथून आलं तो पत्ता धरायचा. आवाजासाठी 'आरटीपी सिमेट्रिक' चालू आणि 'डायरेक्ट मीडिया' बंद. डायरेक्ट मीडिया चालू राहिला तर सर्व्हर बाजूला होऊन इंटरकॉम आणि मोबाइल यांना परस्पर बोलायला सांगतो, आणि ते एकमेकांना दिसत नाहीत.

तिसरं राउटरवर : 'सिप एएलजी' नावाचा पर्याय असेल तर बंद. मदत म्हणून तो पाकिटांतले पत्ते स्वतः बदलतो, आणि सर्व्हरही बदलत असेल तर दोघांचा गोंधळ होतो.

पडवी :

केलं. ऑफिसच्या गच्चीवर जाऊन मोबाइल डेटावरून १०१ लावला. चित्र आलं! आवाज आला! चार मिनिटं कॉल चालला, मीच बंद केला. पायरीवर मांजर झोपलेलं दिसलं आणि इतका आनंद झाला की काय सांगू.

पण दोन गोष्टी राहिल्यात. बेल आता मोबाइलवर वाजते, पण ॲप उघडल्यानंतर पहिला मिनिटभरच. नंतर दाबली तर फक्त घरचा स्क्रीन वाजतो. आणि कुलूप अजून उघडत नाही.

घरचा_सर्व्हर :

कुलपाचं मी सांगते. इंटरकॉममध्ये आकडा पोहोचवायच्या तीन पद्धती असतात. एक, खरा टूं-टूं आवाज बोलण्याच्या आवाजातच मिसळून. दोन, 'सिप इन्फो' नावाच्या वेगळ्या संदेशातून. तीन, आरटीपीच्या, म्हणजे आवाज-चित्राच्या, प्रवाहात खास घटना म्हणून, हीच आरएफसी २८३३ किंवा नंतरची ४७३३. तुमचा स्क्रीन आणि इंटरकॉम बहुधा एकाच पेटीतून आलेत, त्यामुळे दोघांनाही इन्फो कळतं. मोबाइल ॲप मात्र ४७३३ पाठवतंय आणि इंटरकॉम इन्फोची वाट बघत बसलाय.

इंटरकॉमच्या अकाउंटच्या पानावर 'डीटीएमएफ टाइप' (आकडा पोहोचवायची पद्धत) शोधा, तिथे २८३३ निवडा (नाव जुनं असतं, चालतं). सर्व्हरवर १०१, २०१ आणि २०२ तिन्हींचा डीटीएमएफ मोड ४७३३ करा. स्क्रीनवरही तोच. आवाजात मिसळायची पद्धत अजिबात नको. आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकमधून (आवाज-चित्र डेटात बदलायची पद्धत) तो सूर नीट जात नाही, आणि दारासमोर उभं राहून कुणी मोबाइलवरून सूर वाजवला तर काय, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक, कोड दोन-तीन आकडी असला तर ते सावकाश दाबा. काही इंटरकॉम घाईघाईने दाबलेला दुसरा आकडा गाळतात. रिलेची वेळ पाच सेकंद ठेवा, नाहीतर माणूस हँडलला हात घालेपर्यंत कुलूप परत लागतं.

तांब्याची_तार :

मिनिटभरच वाजते, याचं कारण असं. यूडीपीमध्ये बाहेर गेलेल्या पाकिटासाठी मोबाइल कंपनीची यंत्रणा परतीची एक वाट थोडा वेळ उघडी ठेवते. तिच्यावरून काहीच गेलं-आलं नाही तर बंद करते. कुठे ३० सेकंदांत, कुठे काही मिनिटांत. नोंदणी ३६०० सेकंदांची असली तरी ती वाट त्याच्या कितीतरी आधी बुजलेली असते. सर्व्हरवर २०२ साठी 'क्वालिफाय फ्रिक्वेन्सी' २५ करा. दर २५ सेकंदांनी तो एक छोटा संदेश पाठवेल आणि वाट उघडी राहील.

रात्रपाळी :

त्याने वाट उघडी राहील, पण फोन झोपला तर? अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्क्रीन बंद करून फोन पडून राहिला की यंत्रणा ॲपचं नेटवर्क रोखून धरते. त्या सिप ॲपला बॅटरी बचतीतून सूट द्या. आयफोनवाल्यांना तर हा मार्गच नाही. तिथे ॲप मागे गेलं की जोडणी टिकत नाही, पुश सूचनेनेच ॲप जागं करावं लागतं, आणि त्यासाठी तशी सोय असलेलं ॲप आणि सर्व्हर दोन्ही लागतात.

आणि माझं जुनंच म्हणणं पुन्हा मांडतो : ते पोर्ट बंद करा. घरच्या सर्व्हरवर वायरगार्ड हे व्हीपीएन टाका, मोबाइलवर त्याचा बोगदा कायम चालू ठेवा. बाहेर फक्त एक यूडीपी पोर्ट उघडा राहतो, आणि किल्ली नसलेल्या पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, स्कॅनरला तिथे काही आहे हेही कळत नाही. मोबाइलला ठरलेला आतला पत्ता मिळतो, मग हे पत्त्यांचं सगळं प्रकरणच मिटतं.

तांब्याची_तार :

मला आधी वाटायचं की सिप टीएलएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, नेऊन ५०६१ उघडा ठेवला आणि पासवर्ड मजबूत असला की पुरे. दहा माणसांच्या ऑफिसात अजूनही तेच करीन, प्रत्येकाच्या फोनमध्ये बोगदा बसवत बसणं जमत नाही. पण एक घर, एक मोबाइल आणि पलीकडे एकटे वडील, तिथे रात्रपाळी म्हणतात तेच बरोबर.

घरचा_सर्व्हर :

टीएलएस निघालंच आहे तर : वीज जाऊन आल्यावर माझा इंटरकॉम नोंदणीच करेना. दोन दिवस गेले. त्याच्या पानावर तारीख बघितली तर १९७०. आतलं घड्याळ विजेशिवाय टिकत नव्हतं, आणि त्या तारखेला सर्व्हरचं प्रमाणपत्र जन्मालाही आलेलं नव्हतं, म्हणून त्याने ते नाकारलं. वेळेचा सर्व्हर नावाने दिला होता, राउटर उठायच्या आधी त्या नावाचा पत्ता सापडत नव्हता, आणि हा पुन्हा विचारत नव्हता. तिथे राउटरचाच आकडी पत्ता दिला, तेव्हापासून त्रास नाही.

चौकट :

माझा आधीचा सल्ला मागे घेतो. घरी जाऊन बघितलं, कॉल यादीत माझ्याकडेही १००, १००१ आहेत. डीएमझेड काढला.

त्यानिमित्ताने एक प्रश्न. माझी बेल चार मोबाइलवर एकदम वाजते. एकाने 'नाकारा' दाबलं की सगळ्यांचे वाजायचे थांबतात. सर्व्हर ॲस्टेरिस्क नाही, साधा प्रॉक्सी, म्हणजे संदेश फक्त पुढे पाठवणारा, आहे.

तांब्याची_तार :

ॲप नाकारताना ६०३ पाठवत असणार. ६०० च्या घरातलं उत्तर म्हणजे "हा माणूस कुठेच मिळणार नाही", त्यामुळे प्रॉक्सी बाकीच्या फांद्याही तोडतो. ॲपमध्ये ४८६, म्हणजे 'व्यस्त', पाठवायचा पर्याय असेल तर तो घ्या, मग फक्त तोच फोन गप्प होतो. आणि त्या चारांत साधा मोबाइल नंबर असेल तर त्याचा व्हॉइसमेल बंद करा. तो आपोआप उचलतो, बाकीचे फोन थांबतात आणि दारातला माणूस रेकॉर्डिंगशी बोलत उभा राहतो.

पडवी :

वायरगार्ड टाकलं, पोर्ट बंद केले, आणि आवाज परत गेला. चित्रही. बेल वाजते, कुलूप नाही. काल रात्रभर डोकं धरून बसले होते. पाकिटं पकडली तर 'सी' ओळीत आता घराचा बाहेरचा पत्ता येतोय.

तांब्याची_तार :

बोगद्याचा पत्त्यांचा पट्टा 'लोकल नेट' मध्ये टाकायचा राहिला. सर्व्हरला वाटतंय की मोबाइल बाहेरचा आहे, म्हणून तो बाहेरचा पत्ता सांगतोय, आणि तिथले पोर्ट तुम्ही आता बंद केलेत. दुसरी ओळ वाढवा, ॲस्टेरिस्क पूर्ण बंद करून चालू करा.

घरचा_सर्व्हर :

जाता जाता कोडेकही बघा. सगळे टिक केलेले असतात. आवाजाला जी.७११ ए-लॉ आणि चित्राला एच.२६४, दोनच ठेवा. यादी लांबली की निमंत्रणाचं पाकीट फुगतं, १५०० बाइटच्या वर गेलं की त्याचे तुकडे होतात आणि एक तुकडा हरवला की रिंगच नाही. बोगद्यात तर मर्यादा आणखी कमी. ओळखायची खूण : नुसत्या आवाजाच्या कॉलला रिंग येते, चित्राच्या कॉलला येत नाही. एच.२६५ इंटरकॉममध्ये दिसला तरी घेऊ नका, पुष्कळ सिप ॲपना तो उलगडत नाही, काळा चौकोन दिसतो.

पडवी :

लोकल नेटची ओळ घातली, कोडेक दोन ठेवले, बॅटरीची सूट दिली. मग मुद्दाम सगळं पाडून बघितलं. मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी चालू केला. इंटरकॉम सर्व्हरच्या आधी उठला, पहिली नोंदणी फसली, मिनिटभराने त्याने परत विचारलं आणि जोडला गेला. तारीखही बरोबर.

आज दुपारी पावणेतीनला मीटिंगमध्ये असताना मोबाइल वाजला. स्क्रीन बंद, फोन पर्समध्ये, तरी वाजला. बाबांच्या फिजिओथेरपीच्या ताई दारात होत्या. "ताई, उघडते हं, बाबा आतल्या खोलीत आहेत," म्हटलं, कोड सावकाश दाबला आणि कुलपाचा खट्ट आवाज मला फोनवर ऐकू आला. मागे बाबांचा आवाज आला, "अगं, उघडलं का? मी उठतोय." मी म्हटलं, "उठू नका, त्या आत येतायत." कॉल ५१ सेकंद चालला.

रात्रपाळी :

फार बरं वाटलं वाचून. आता राउटर आणि सर्व्हरच्या सेटिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि कुलपाचा नवा कोड घरात दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू द्या. तुमचा फोन बंद पडला तरी बाबांना उठावं लागू नये.

पडवी :

दोन्ही करते. कोड भावाला आत्ताच कळवला.